बारंगे सरांचं बोर्डिंग

पांढुर्ण्याहून भोपाळला जायचं असेल तर उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसावं, हे पांढुर्ण्यातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. अरविंद बारंगे सर मात्र गावातल्या शाळेत सत्तावीस वर्षं भूगोल शिकवत होते, त्यामुळे ते आधी दक्षिणेला गेले. सोबत त्यांची पत्नी नलिनीही गेली, कारण पिशव्या तिच्या हातात होत्या.

जायचं खरं कारण नलिनीचंच होतं. तिची एकुलती एक धाकटी बहीण मालती भोपाळला असते. मालतीच्या रश्मीचा साखरपुडा रविवारी संध्याकाळी साडेपाचला ठरला होता आणि मुलीची पहिली ओटी मावशीने भरायची, अशी त्यांच्या घरची रीत. मावशी एकच. याआधी मालतीच्या घराची वास्तुशांत नलिनीची हुकली, कारण सरांनी आरक्षण काढलं ते पुढच्या महिन्यातल्या त्याच तारखेचं. मालतीच्या नवऱ्याची साठी हुकली, कारण इटारसीला 'गाडी इथं निवांत थांबते' म्हणून सर भजी आणायला उतरले आणि त्यांना शोधायला नलिनी उतरली. भजी चांगली होती, असं सर अजूनही सांगतात. या वेळी मालतीने फोनवर ना आग्रह केला ना रडारड. शांतपणे म्हणाली, की ताई, आता नाही आलीस तर मला बहीण नाही असं मी धरून चालेन. त्यानंतर दोन दिवस नलिनी येता-जाता कॅलेंडरवर रविवारची तारीख तपासत होती.

सरांनी तिला धीर दिला. 'तू कायची काळजी करते? मी करून राहिलो नं सगळं.' नलिनीच्या काळजीला खरी सुरुवात तिथून झाली.

नागपूरहून सुटणारी सकाळची भोपाळ इंटरसिटी पांढुर्ण्याला दोन मिनिटं थांबते. पण पांढुर्ण्याच्या वाट्याला जागा मोजक्या, आणि सर तिकीट काढायला निघेपर्यंत वेटिंग एकोणीसवर गेलं होतं. सर योगेशच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. योगेश हा सरांचाच जुना विद्यार्थी. भूगोलात दोनदा नापास झालेला, पण सगळ्या गावाचे फॉर्म, दाखले आणि तिकिटं त्याच्याच बोटांखालून जातात. तो म्हणाला, की तिकीट नागपूरपासूनचं काढू, तिथून जागा रिकाम्या आहेत, आणि बोर्डिंग पांढुर्णा टाकू. पैसे नागपूरपासूनचे, बसायचं मात्र आपल्या गावात. 'अर्धा गाव असाच जाते, सर.' एक्केचाळीस आणि बेचाळीस नंबरच्या खुर्च्या पक्क्या झाल्या. हीच युक्ती आपण सुचवणार होतो, हे सरांनी योगेशला दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि ते घरी आले.

इथे सगळं संपायला काही हरकत नव्हती. पण पक्कं तिकीट खिशात असलेला माणूस गप्प राहील तर तो पांढुर्ण्याचा कसला? सरांनी तिकीट शेजारच्या मंगेशभाऊंना दाखवलं. मंगेशभाऊ रेल्वेतून निवृत्त झाले होते. नेमक्या कोणत्या पदावरून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही, पण आमच्या गल्लीत रेल्वेबाबत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी मान हलवली. दोन मिनिटांचा थांबा, डबा कुठं येऊन लागेल त्याचा भरवसा नाही, त्यात वहिनींचा गुडघा. चढता येईल का?

लगेच चाचणी घेण्यात आली. मंगेशभाऊंच्या ओट्याला डबा मानण्यात आलं, ओट्यासमोर स्टूल ठेवण्यात आलं, आणि नलिनीने दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढून दाखवायचं ठरलं. मंगेशभाऊ गार्ड झाले. सरांनी हातात घड्याळ धरलं. पहिल्या खेपेला एक मिनिट पन्नास सेकंद लागले, दुसऱ्या खेपेला गुडघा धरला, आणि तिसऱ्या खेपेला समोरच्या शोभाताई स्वयंपाक सोडून बघायला आल्या, तेव्हा नलिनी पिशव्या खाली ठेवून घरात निघून गेली. तिन्ही खेपांत सर स्वतः खालीच राहिले होते, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात सौंसरहून नलिनीच्या कवडूमामांचा फोन आला. मामांचा संत्र्यांचा बगीचा आहे आणि आंबिया बहार नुकताच तोडणीला आला होता. मामा म्हणाले, 'पोरीचा साखरपुडा अन् आपल्या बगीच्याचे संत्रे नाही, असं होते का बाप्पा? शनिवारी इकडं या. सकाळी सौंसरहून नागपूरची बस धरा. गाडी नागपूरलेच बनते, अर्धा घंटा पहिलेच उभी राह्यते. आरामात बसा, पाय लांब करा.' मंगेशभाऊंनीही ताबडतोब पसंती दिली. मोठ्या स्टेशनावरून बसायचा मानच वेगळा, असं ते म्हणाले. राहता राहिला योगेश. त्याला विचारावं असं सरांच्या एकदा मनात आलं होतं, पण विद्यार्थ्यांना फार विचारलं की ते शेफारतात.

प्रश्न विचारला तो फक्त नलिनीने. 'पण मोबाइलवर तं पांढुर्णा लिहून आलं आहे नं?'

सरांनी चष्मा काढला. वर्गातही ते मठ्ठ मुलांसाठी चष्मा काढत. म्हणाले, 'पैसे कुठून भरले? नागपूरपासून. ज्यानं पूर्ण थाळीचे पैसे दिले, त्यानं पहिली पोळी खाल्ली काय अन् नाही खाल्ली काय, त्याची मर्जी. पोळी त्याचीच.'

थाळीचा दाखला इतका बिनतोड होता, की नलिनीने पिशव्या भरायला घेतल्या. शनिवारी दोघं सौंसरला निघाले. वाटेत जामसांवलीच्या फाट्यावर नलिनी म्हणाली, उतरून हनुमानजींचं दर्शन घेऊ. सर म्हणाले, येताना घेऊ, काम झाल्यावर. त्यांनी बसमधूनच हात जोडले.

कवडूमामांनी थोडीच संत्री ठेवली होती. थोडीच म्हणजे एक बोरी आणि एक करंडी. शकुमामींनी त्यात मुगवड्यांचा डबा आणि तुरीच्या डाळीची पिशवी घातली, कारण भोपाळला डाळ शिजत नाही असा त्यांचा पक्का समज आहे. घरून निघताना दोन असलेल्या पिशव्या आता सहा नगांवर गेल्या. रविवारी सकाळी बसमध्ये सरांनी शेजारच्या प्रवाशाला वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्रिकोण काढून दाखवला. पांढुर्णा ते सौंसर पूर्वेला, सौंसर ते नागपूर दक्षिणेला, आणि नागपूरहून पुन्हा पांढुर्ण्यावरूनच वर. त्या प्रवाशाने विचारलं, मग घरीच का नाही थांबलात? सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

नागपूर स्टेशनचा सरांना अभिमान आहे. तो का, हे सांगणं कठीण, कारण ते मध्य प्रदेशात राहतात. पण चारी दिशांच्या गाड्या इथे येऊन मिळतात, देशाचं काळीज म्हणतात ते हेच, असं त्यांनी नलिनीला, मग हमालाला आणि हमाल निघून गेल्यावर पुन्हा नलिनीला सांगितलं. हमाल निघून गेला, कारण सरकते जिने असताना हमाल कशाला, असं सरांचं मत पडलं. जिना वर चढत असताना बोरीचं तोंड सुटलं. संत्री खाली उड्या मारू लागली आणि जिना त्यांना पुन्हा वर आणू लागला. लोकांनी मदत केली. नागपूरकरांना संत्र्यांचं काय अप्रूप, असं आपण समजतो, पण बोरी पुन्हा बांधली तेव्हा ती बरीच हलकी झाली होती.

तरीही इंटरसिटी सुटायला वीस मिनिटं होती. डबा सापडला. एक्केचाळीस नंबरच्या खुर्चीवर शोभाताई बसल्या होत्या आणि बेचाळीसवर त्यांची सून मानसी.

'या सर, या,' शोभाताई म्हणाल्या. 'आमी तं डॉक्टरले दाखवाले आलो होतो. आताच खिडकीवरून पांढुर्ण्यापर्यंतच्या सीटा भेटल्या. पण तुमी इथं कसे? तुमी तं गावातून चढणार होते नं? वहिनी एवढी प्रॅक्टिस करून राहिली होती.'

सर हसले. हसून त्यांनी दोघींना उठायची विनंती केली. दोघींनी आपली तिकिटं दाखवली. सरांनी आपला मोबाइल दाखवला. मग टीसीला बोलावण्यात आलं.

टीसी तरुण होता आणि अतिशय नम्र होता, आणि सगळी अडचण तिथेच झाली, कारण भांडायला समोरचा माणूस थोडा तरी उर्मट लागतो. त्याने यादी पाहिली आणि अदबीने सांगितलं, 'सर, तुमच्या सीटा तुमच्याच आहेत, पण पांढुर्ण्यापासून. तुम्ही बोर्डिंग तिथलं टाकलं, म्हणजे नागपूरपासून बसायचा हक्क सोडला. तोवर या दोघींच्या.' सरांनी पैसे नागपूरपासूनचे भरल्याचं सांगितलं. टीसीने ते मान्य केलं. सरांनी थाळीचा दाखला दिला. टीसीने तोही लक्षपूर्वक ऐकला. मग तो म्हणाला, काळजीचं कारण नाही. पांढुर्ण्यापर्यंतचं भाडं आणि दंड भरा, मी पावती देतो, दीड तास उभे राहा, पुढे भोपाळपर्यंत सीटा तुमच्याच.

याहून सोपी गोष्ट नव्हती. नलिनीने पर्सला हात घातलाही. पण सरांनी विचारलं, 'पावतीवर काय लिहाल?'

'बिना टिकट,' टीसी म्हणाला.

डब्यातल्या सगळ्या माना वळल्या. ज्या माणसाने सत्तावीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं, त्याच्या नावाने, तिकीट खिशात असताना, बिनातिकीट प्रवासाची पावती फाडली जाणार होती. शोभाताई धीर देत म्हणाल्या, 'भरून टाका नं सर. मी कोणाले सांगत नाही.' हे ऐकल्यावर सरांचा उरलासुरला धीर गेला. शोभाताई जे कुणाला सांगत नाहीत, ते पांढुर्ण्याच्या बाजारात दुपारी भाजीवाल्यांकडे मिळतं.

'मी बिनातिकीट नाही,' सर म्हणाले. 'खिडकीवर जाऊन पांढुर्ण्यापर्यंतची दोन तिकिटं घेऊन येतो. कायद्यानं. तू इथंच थांब.'

'अहो, गाडी सुटून जाईन,' नलिनी म्हणाली. 'भरून टाकू दंड. मालती वाट पाहून राहिली.'

'प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे,' सर म्हणाले आणि तत्त्वासकट उतरले.

सरांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की ते खिडकीपर्यंत वेळेत पोहोचले. गाडी सुटायला तेव्हा आठ मिनिटं होती. खिडकीतल्या बाबूने विचारलं, कुठलं? या प्रश्नाला 'पांढुर्णा, दोन' एवढंच उत्तर पुरतं. पण सरांनी सुरुवात वेटिंग एकोणीसपासून केली. योगेशवरून ते बोर्डिंगवर आले, बोर्डिंगवरून थाळीवर, आणि पोळीपर्यंत पोहोचले तेव्हा मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, काका, जेवण घरी करा. बाबूने दोन तिकिटं सरकवली. सर पळाले. या वेळी सरकता जिना वर येत होता आणि त्यांना खाली जायचं होतं. ते फलाटावर उतरले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा समोरून शांतपणे जात होता. गाडी अगदी वेळेवर सुटली. सरांवर त्या दिवशी झालेला हा सगळ्यात मोठा अन्याय.

त्यांनी फोन लावला. नलिनी दाराशी उभी होती, आवाजावरून कळत होतं.

'चेन ओढू का, असं मानसीनं विचारलं,' ती म्हणाली. 'नको म्हणलं मी. अन् दंड भरला मी. नाव विचारलं, तं माह्यं सांगतलं. नलिनी अरविंद बारंगे, बिना टिकट. काही झालं नाही मले.'

सर म्हणाले, 'पुढच्या स्टेशनावर उतर, मी मागून—'

'इटारसीले उतरली होती मी तुमच्यासाठी. आता नाही उतरत,' नलिनी म्हणाली. 'तुमाले यायचं असंन तं या, नाही तं घरी जा.' आणि तिने फोन ठेवला. सरांचा फोन तिने असा पहिल्यांदाच ठेवला होता.

सर बाकावर बसले. हातात पांढुर्ण्याची दोन ताजी, निष्कलंक तिकिटं होती. थोड्या वेळाने त्यांनी जाऊन तक्रारवही मागितली. पान उघडलं, तारीख घातली, नाव, हुद्दा, पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि 'तक्रार कोणाविरुद्ध' या रकान्यापाशी पेन थांबलं. टीसी नियमाने वागला होता. बाबूने तिकिटं दिली होती. गाडी वेळेवर सुटली होती. शोभाताईंनी तिकीट काढलं होतं. योगेशने बोर्डिंग बरोबर टाकलं होतं. राहता राहिला एकच माणूस, आणि त्याचं नाव, हुद्दा, पत्ता वरच लिहिलेला होता. सरांना फार वाईट वाटलं. गाडी हुकल्याचं नाही, तर चालत्या गाडीच्या दारात ती एकटी पिशव्या सांभाळत उभी असेल, याचं. त्यांनी वही परत केली आणि मंगेशभाऊंना फोन न करता, कुणालाही न विचारता, मागच्या गाडीचं भोपाळचं जनरलचं तिकीट काढलं.

जनरलच्या डब्यात सर सहा तास एका पायावर उभे राहिले, कारण दुसऱ्या पायावर कुणीतरी ट्रंक ठेवली होती. गाडी पांढुर्ण्यात थांबली तेव्हा त्यांना आपलं गाव दिसलं नाही, समोरच्या माणसाची बगल दिसली. पण गाडी हलताच फोन सुरू झाले. आधी योगेश. 'सर, तुमी नागपूरले काहून गेले? मले विचारलं असतं.' मग मंगेशभाऊ, त्यांनी आपण असं काही सुचवल्याचं साफ नाकारलं. मग कवडूमामा, त्यांना संत्र्यांची काळजी होती. बैतूल येईपर्यंत सरांनी फोन बंद करून टाकला.

हॉलवर ते पोहोचले तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. शर्टाचं एक बटण नव्हतं. दारातूनच त्यांना दिसलं, ओटी भरून झाली होती. रश्मीच्या पदरात नारळ होता, आणि मालती नलिनीच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडत होती. नलिनीही रडत होती. सरांना तिथूनच परत फिरावंसं वाटलं. आता मालती काय बोलेल, तिचा नवरा प्रफुल्ल भर मांडवात काय टोमणा मारेल, याची त्यांनी इटारसीपासून उजळणी केली होती.

प्रफुल्लने त्यांना पाहिलं. तो धावत आला आणि त्याने चक्क मिठी मारली. मग हात धरून मुलाकडच्यांसमोर नेलं आणि म्हणाला, 'हेच ते आमचे भाऊजी.' मुलाचे आजोबा काठी टेकत उभे राहिले. त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. आजच्या काळात असं कोण करतं, असं म्हणाले. हळूहळू सरांना उलगडा झाला. नागपूरच्या फलाटावर एका म्हाताऱ्या बाईला दम लागला होता. सगळे लोक बाजूने जात होते. तेव्हा बारंगे सर स्वतःची पक्की सीट सोडून उतरले, बायकोला म्हणाले, तू पुढं हो, बहिणीचं काम आहे, आणि बाईला दवाखान्यात पोचवून जनरलच्या डब्यात उभे राहून इथवर आले.

सरांनी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षांत कुणी चुकीचं बोललं आणि सरांनी दुरुस्त केलं नाही, असं झालेलं नव्हतं. पलीकडून नलिनीने त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तोंड मिटलं.

'त्या बाई आता कशा आहेत?' आजोबांनी विचारलं.

'बऱ्या आहेत,' सर म्हणाले. 'पांढुर्ण्याला उतरल्या.'

'नाव काय त्यांचं?'

'शोभाताई,' सर म्हणाले.

पुढचा तासभर सरांचा सत्कारच झाला. मुलाकडच्या बायकांनी आपल्या नवऱ्यांना त्यांच्याकडे बोट दाखवून काही काही ऐकवलं. कुणीतरी त्यांच्यासोबत फोटो काढला. आयुष्यभर ज्या मानासाठी सर बोलत आले, तो आज आपण होऊन चालत आला होता आणि अट एवढीच होती की त्यांनी बोलायचं नाही.

जेवणाच्या वेळी नलिनी ताट घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांच्याशेजारी बसली. तिने गुडघ्यावरून हात फिरवला. सरांनी हळू आवाजात विचारलं, 'असं खोटं काहून सांगतलं तू?'

नलिनी ताटातली जिलबी त्यांच्या बाजूला सरकवत होती.

'खरं सांगतलं असतं, तं मालतीनं मले विचारलं असतं, अशा माणसाजवळ तू तीस वर्षं कशी राहिली,' ती म्हणाली. 'पांढुर्ण्यापासून इथवर विचार करून राहिली मी. उत्तर नाही सापडलं.'